जात चोरली, प्रेम चोरले!

गोदाकाठच्या रामकुंडावर रोज कुणाचा ना कुणाचा दहावा असतो. मुंडण केलेली मुले, पिंड आणि कावळ्याची वाट पाहत ताटकळलेले नातेवाईक. तेथून हाकेच्या अंतरावर काळाराम मंदिर आहे. २ मार्च १९३० रोजी महामानव डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य बांधव या मंदिरासमोर उभे ठाकले, तेव्हा दरवाजे बंद करण्यात आले. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. हा इतिहास आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. आज त्याची आठवण होण्याचे कारण म्हणजे एक मराठी चित्रपट. तो दहा दिवसांच्या सुतकातच घडतो.

रोहन परशुराम कानवडे यांच्या 'साबर बोंडं' या चित्रपटाला २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपटांच्या स्पर्धेतील सर्वोच्च पुरस्कार मिळाला. १९ सप्टेंबर २०२५ रोजी तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. 'फँड्री' आणि 'सैराट'वाले नागराज मंजुळे त्याच्या पाठीशी उभे राहिले. कथा अगदी साधी आहे. मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करणारा आनंद वडिलांच्या मृत्यूनंतर दहा दिवसांचे सुतक पाळायला आईबरोबर गावी येतो. पायात चप्पल घालायची नाही, हे करायचे नाही, ते खायचे नाही, असे नियमांवर नियम. त्यातच प्रत्येक नातेवाइकाचा एक प्रश्न ठरलेला: लग्न कधी करणार? गावात त्याला लहानपणीचा मित्र भेटतो, बाळ्या. शेळ्या राखणारा, मिळेल ते काम करणारा. त्याच्याही घरी लग्नाचा तगादा आहे. या दोन पुरुषांचे एकमेकांवर प्रेम आहे. तो काटे काढलेली साबरबोंडे मित्राला खायला आणतो. बस्स, एवढेच. खून नाही, मारामारी नाही, भाषण नाही.

हा चित्रपट पाहून आलो तेव्हा चळवळीतल्या एका जुन्या कार्यकर्त्याने आम्हाला विचारले, "साहेब, हे सगळे बड्या घरच्या पोरांचे चोचले. खैरलांजीवर लिहिणाऱ्या लेखणीने यावर कशाला लिहायचे?" त्यांच्या प्रश्नात कुत्सितपणा नव्हता, कळकळ होती. त्यामुळे उत्तरही तसेच दिले पाहिजे.

पहिली गोष्ट, चोचल्यांची. हा चित्रपट बड्या घरचा नाही. दिग्दर्शक मुंबईच्या झोपडपट्टीत एका खोलीच्या घरात वाढले आणि त्यांचे वडील ड्रायव्हर होते. वडिलांच्या दहाव्यासाठी गावी गेले असता नातेवाइकांनी त्यांच्यामागे लग्नाचा धोशा लावला, त्यातून ही कथा सुचली. पडद्यावरचा बाळ्या शेळ्यांमागे फिरतो. समलैंगिक माणूस म्हणजे इंग्रजी बोलणारा, अत्तर लावणारा, विमानाने फिरणारा, असे चित्र आमच्या डोक्यात कुणी भरले? ज्यांच्या हातात कॅमेरा आणि वर्तमानपत्रे होती त्यांनी. ज्यांनी आमचे चित्र शंभर वर्षे विद्रूप काढले, त्यांनीच काढलेले दुसऱ्याचे चित्र आम्ही खरे का मानावे? भारतीय चित्रपटाचे जनक म्हणवले जाणारे दादासाहेब फाळके याच जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरचे. त्यांच्यापासून सुरू झालेल्या पडद्यावर शेळ्या राखणारा माणूस प्रेम करताना दिसायला शंभराहून अधिक वर्षे लागली, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. लग्न कधी करणार, हा प्रश्न गाव इतक्या हट्टाने का विचारते? माणूस एकटा राहिला तर गावाचे काय बिघडते? याचे उत्तर बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात आहे. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनावर, हे त्यांनी पंचविशीत जगाला दाखवून दिले. त्यांचे पुढचे विवेचन आम्ही वारंवार वाचायला हवे. जातीची कोंडी टिकवायची तर तिच्यातल्या बायका आणि पुरुष यांचा हिशेब जुळावा लागतो. जोडीदार मेल्यामुळे मागे उरलेली बाई किंवा उरलेला पुरुष ही या हिशेबातली शिल्लक. ती शिल्लक जातीबाहेर जाऊ नये म्हणून सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह आले. म्हणजे माणूस कुणावर प्रेम करतो, हा जातिव्यवस्थेच्या दृष्टीने कधीच खाजगी प्रश्न नव्हता. तिने माणसाच्या अंथरुणावर पहारा बसवला तो धर्माच्या भीतीने, आणि धर्म राबवला तो कोंडी फुटू नये म्हणून.

आता या हिशेबात आनंद आणि बाळ्या यांना बसवून पाहा. दोघेही हिशेबात न बसणारे. ते जातीच्या मुलीशी लग्न करणार नाहीत, जातीचा वंश वाढवणार नाहीत. म्हणून सारे गाव त्यांच्या मागे लागते. आणि समजा गावाने जबरदस्ती करून लग्न लावले, तर त्याची किंमत कोण मोजणार? एखादी गरीब घरची मुलगी. जिला काही सांगितलेले नसते, जी आयुष्यभर स्वतःतच काही खोट आहे असे समजून कुढत राहते. आमच्या बावीस प्रतिज्ञांमध्ये व्यभिचार न करण्याची आणि खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा आहे. काही बांधव समलैंगिकांच्या विरोधात या प्रतिज्ञेकडे आणि पंचशीलाकडे बोट दाखवतात. आम्ही त्यांना नम्रपणे विचारतो, शीलभंग कुठे होतो? दोन सज्ञान माणसांच्या खऱ्या प्रेमात, की एका निरपराध मुलीला फसवून उभ्या केलेल्या मांडवात?

आमच्या नाशिकचे बाबूराव बागूल यांनी १९६३ साली 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह दिला आणि मराठी वाचकाची झोप उडवली. विहितगावात जन्मलेल्या या लेखकाच्या त्या कथेतला तरुण नोकरीसाठी परक्या गावी जातो, डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून जात लपवतो आणि उघडकीला आल्यावर मार खातो. लपवण्याची ती रोजची धास्ती आमच्या कित्येक पिढ्यांनी भोगली आहे. आडनाव बदलणे, देव्हाऱ्यातला फोटो पाहुणे येण्याआधी हलवणे, ऑफिसात १४ एप्रिलची रजा दुसऱ्याच कारणाने टाकणे. ज्याने हे भोगले, त्याला आनंदच्या आईची अडचण समजावून सांगावी लागत नाही. मुलगा लग्न का करत नाही, याचे एक खोटे कारण तिने नातेवाइकांसाठी तयार ठेवले आहे. जयश्री जगताप यांनी ती माउली अशी उभी केली आहे, की ती आमच्या कुठल्याही वस्तीतली वाटावी. लेक कसा आहे हे तिला ठाऊक आहे, आणि तो तिला हवा आहे. जगापासून मात्र त्याला लपवावे लागते. बागूलांच्या तरुणाने जात चोरली, या मायलेकरांना प्रेम चोरावे लागते. चोर मात्र दोन्हीकडे तोच: माणसाला स्वतःचे नाव सांगू न देणारा समाज.

इथवर आम्ही चित्रपटाचे कौतुक केले. आता आमची तक्रार. 'साबर बोंडं' हा जातीवरचा चित्रपट नाही. दोन्ही प्रेमिक एकाच गावातले, एकमेकांच्या घरी येणारे-जाणारे. एक कल्पना करून पाहू या. बाळ्याचे घर गावकुसाबाहेर असते तर? तो बौद्धवाड्यातला किंवा मांगवाड्यातला असता तर? त्याच्या हातचे साबरबोंड आनंदपर्यंत पोहोचले असते का? पोहोचले असते तर ते दहा दिवस असे शांततेत सरले असते का?

हा प्रश्न हवेतला नाही, नाशिकच्या न्यायालयात त्याची सुनावणी झाली आहे. १ जानेवारी २०१३ रोजी नगर जिल्ह्यातील सोनईला मेहतर समाजाच्या तीन तरुणांची अमानुष हत्या झाली. त्यातल्या एकाचे सवर्ण घरातल्या मुलीवर प्रेम होते, एवढाच गुन्हा. हा खटला नाशिकच्या सत्र न्यायालयात चालला आणि जानेवारी २०१८ मध्ये सहा जणांना दोषी ठरवण्यात आले. ते प्रेम स्त्री-पुरुषाचे होते. म्हणजे ज्याला धर्मग्रंथ नैसर्गिक म्हणतात त्या प्रेमालाही जात ओलांडली की मृत्यू. मग जातही ओलांडली आणि ठरलेली चौकटही ओलांडली, तर त्या माणसाच्या पदरी काय येत असेल? त्याच्या मृत्यूची तर बातमीही होणार नाही. घरचेच लोक शरमेने कारण दुसरे सांगतील.

याच्या उलट एक उदाहरण पाहा. २०१७ च्या अखेरीस यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या गावी परदेशात नोकरी करणारा एक तरुण आपल्या व्हिएतनामी वंशाच्या जोडीदाराशी विवाहबद्ध झाला. तेव्हा कलम ३७७ लागू होते, समलैंगिक संबंध गुन्हा होता. तरीही हॉटेलात सोहळा झाला, पाहुणे आले, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. त्या दोघांच्या धैर्याला आमचा सलामच आहे. मात्र यातून एक गोष्ट शिकावी. वंश वेगळा, देश वेगळा, भाषा वेगळी, तरी परदेशी नोकरी पाठीशी असली की ते प्रेम एका दिवसापुरते का होईना, उजेडात येऊ शकते. शेळ्या राखणाऱ्या बाळ्याला तो एक दिवसही मिळत नाही. आणि आमच्या देशात सातासमुद्रापारचा जोडीदार एक वेळ घरात येईल, पण ओढ्यापलीकडच्या वाड्यातला येणार नाही.

अमेरिकेत वंशाची भिंत अशीच होती. तिथल्या अनेक राज्यांत काळ्या-गोऱ्यांच्या लग्नाला कायद्याने बंदी होती. 'लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया' या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती १९६७ साली मोडीत काढली. पुढे २०१५ मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता देताना त्याच निकालाचा आधार घेण्यात आला. कुणी कुणाशी लग्न करायचे, हे वंशशुद्धीच्या रखवालदारांनी ठरवायचे नाही, हे सूत्र एकदा मान्य झाले की ते पुढच्या दारालाही लागू पडते. आमच्याकडे १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने जातीबाहेरच्या, धर्माबाहेरच्या लग्नाला वाट करून दिली. समलिंगी जोडप्यांनी तीच वाट मागितली, तेव्हा १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती देण्यास नकार दिला आणि प्रश्न संसदेकडे सोपवला.

आमच्या चळवळीने पँथर हे नाव जिथून घेतले, तिथले उदाहरण आमच्यासाठी तरी महत्त्वाचे असावे. अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नेते ह्युई न्यूटन यांनी १९७० च्या ऑगस्टमध्ये आपल्या कार्यकर्त्यांना बजावले होते, की समलैंगिकांबद्दल मनात भीती किंवा तिटकारा असेल तर तो तपासा, त्यांना शिव्या देऊ नका आणि त्यांच्या चळवळीशी मैत्री करा. दलित पँथर उभी राहिली त्याच्या दोन वर्षे आधीची ही गोष्ट. त्याही आधी, १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाची सारी जुळवाजुळव करणारे बेयार्ड रस्टिन हे समलैंगिक होते. शत्रू याचे भांडवल करतील या भीतीने त्यांच्याच चळवळीने त्यांना कैक वेळा मागच्या रांगेत बसवले. काळ्यांच्या चळवळीने आपल्या एका कर्तबगार माणसावर हा अन्याय केला. आम्ही आमच्या किती रस्टिनना मागच्या रांगेत बसवून ठेवले आहे, याचा हिशेब कुणी मांडणार आहे का?

आणि परक्या उदाहरणांची गरज तरी काय? बाबासाहेब आमच्यापुढे आहेतच. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचक आपल्या खाजगी शंका विचारीत आणि कर्वे त्यांना शास्त्राच्या आधारे उत्तरे देत. त्यात समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही होते. अश्लीलतेच्या नावाखाली १९३४ साली कर्व्यांवर खटला भरला गेला. सारे सोवळे पुणे-मुंबई नाक मुरडत असताना त्यांचे वकीलपत्र घेतले बॅरिस्टर आंबेडकरांनी! लैंगिक प्रश्नांवर लिहिले म्हणजे ते अश्लील ठरत नाही, लोकांना शंका असतील तर त्यांना ज्ञानाने उत्तर मिळाले पाहिजे, अशी त्यांची बाजू होती. खटला हरला, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. काळारामच्या दारात उभा राहिलेला योद्धा चारच वर्षांनी या विषयासाठी न्यायालयात उभा राहतो आणि आम्ही मात्र या विषयाला नाक मुरडतो, हे कसले आंबेडकरवादीपण?

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान समलैंगिकांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना गुन्ह्यातून वगळले, तेही बाबासाहेबांनी संविधान सभेत मांडलेल्या संवैधानिक नीतीच्या आधारे. बहुसंख्यांची नीती आणि संविधानाची नीती यांत तंटा झाला तर संविधानाची नीती श्रेष्ठ, हे त्या निकालाचे सार. या सूत्राने ज्यांना न्याय मिळाला त्यांनी त्या सूत्राच्या जनकाला विसरू नये, आणि आम्ही त्याच्या लाभार्थ्यांना परके मानू नये.

विसरू नये, असे आम्ही मुद्दाम म्हणतो. सप्तरंगी झेंडा हाती घेतला की जात आपोआप गळून पडते, असा समज शहरी समलैंगिक चळवळीत पुष्कळदा दिसतो. नीरज घायवान या आपल्या माणसाने २०२१ मध्ये 'गीली पुच्ची' या छोट्या चित्रपटात या समजाचा बुरखा टराटरा फाडला. कारखान्यात राबणारी भारती मंडल शिकलेली, लायक. पण टेबलावरची नोकरी तिला मिळत नाही, ती मिळते नव्याने आलेल्या प्रिया शर्माला. दोघी जवळ येतात. भारतीने आपले आडनाव बॅनर्जी सांगितले आहे, म्हणजे तिनेही जात चोरली! ज्या क्षणी ती खरी जात सांगते, त्या क्षणी प्रियाच्या डोळ्यांतले प्रेम गोठते. पुढे प्रियाच्या घरी इतरांना चिनी मातीचे कप आणि भारतीला चहा स्टीलच्या पेल्यात! समलैंगिक असल्याने प्रियावर अन्याय होतो हे खरे, पण त्यामुळे तिचे ब्राह्मण्य संपत नाही. 'साबर बोंडं' आणि 'गीली पुच्ची' हे दोन्ही चित्रपट एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत. पहिला मायेचे दर्शन घडवतो, दुसरा त्या मायेची हद्द कुठे संपते ते दाखवतो. यानंतरचा चित्रपट दोन्ही गोष्टी एकत्र सांगणारा हवा, गावाकडचा हवा, आणि तो आमच्या वस्तीतल्या मुला-मुलींनी काढायला हवा.

चळवळीत या दिशेने काही पावले पडली आहेत. भटक्या समाजातून आलेल्या कवयित्री दिशा पिंकी शेख या तृतीयपंथी कार्यकर्तीला वंचित बहुजन आघाडीने २०१९ मध्ये राज्य प्रवक्तेपद दिले. जे भल्याभल्या पुरोगामी पक्षांना सुचले नाही ते आंबेडकरी पक्षाने केले, याचा आम्हाला अभिमान आहे. पण एका पदाने वस्तीतले घर बदलत नाही.

म्हणून शेवटी स्वतःकडे बोट. आमचे वधू-वर परिचय मेळावे पाहा. जातीअंताच्या घोषणा व्यासपीठावर आणि पोटजातीची चौकशी मंडपाच्या कोपऱ्यात. जातीचे बंधन तोडल्याशिवाय जात मोडणार नाही, आणि खरा उपाय आंतरजातीय विवाह हाच आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ साली सांगितले. आज आमच्यात बौद्ध-मातंग, बौद्ध-चर्मकार अशी लग्ने किती होतात? जो समाज स्वतःच्या मुलीला शेजारच्या वाड्यातला नवरा निवडू देत नाही, तो मुलाला मुलगा निवडू देईल, अशी आशा कशी धरावी? कुलूप एकच आहे, बांधवांनो. ते आमच्या दारालाही लागलेले आहे.

आम्ही फार मोठे मागत नाही. मुलगा किंवा मुलगी लग्नाला नाही म्हणत असेल तर आधी शांतपणे विचारा आणि ऐकून घ्या. देवऋषी, गंडेदोरे आणि लग्न केले की सुधारेल असले सल्ले हे विज्ञाननिष्ठ धम्माच्या घरात शोभत नाहीत. 'छक्का' ही शिवी आमच्या नाक्यावरून आणि आमच्या सभांतून हद्दपार व्हावी. आम्हाला जातीच्या शिव्या ऐकण्याचा अनुभव कमी नाही. रविवारी बुद्धवंदनेनंतर विहारात या विषयावर एकदा तरी मोकळी चर्चा ठेवा आणि समोर बसलेल्या तरुणांमध्ये एखादा आनंद, एखादी भारती असेल हे गृहीत धरून बोला.

साबरबोंड दुष्काळी रानातले फळ. सिन्नर-येवल्याकडच्या आमच्या वाचकांना ते माहीत आहे. बाहेरून बारीक काटे, हात लावला की दिवसभर सलतात. आत लालभडक गोडवा. काटे कसे काढायचे हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच तो मिळतो. काट्यांतून वाट काढणे आम्हाला आमच्या बापाने शिकवले आहे. आता आमच्याच घरातली काही लेकरे दाराबाहेर ताटकळली आहेत. काळारामचे दार बंद करणाऱ्यांचा धिक्कार करीत आम्ही मोठे झालो. आमचे दार आम्ही बंद ठेवणार आहोत का?

जय भीम!